मामा म्हणायचा हक्क

माझ्या वडिलांना मी काय म्हणून हाक मारायचो ते मला आठवत नाही. बहुधा मारतच नव्हतो. ते साखरखेर्ड्याकडचे. वर्षातून एकदा मोताळ्याच्या बाजूला यायचे, आमच्या ओसरीवर बसून चहा प्यायचे, माझ्या डोक्यावरून हात फिरवायचे आणि एसटीची वेळ झाली की उठायचे. त्यांच्यावर माझा राग नाही. राग यायलाही माणसाची थोडी सवय असावी लागते.

हाक मारायला मला एकच माणूस होता, तो म्हणजे मामा. आई गेली तेव्हा मी तीन महिन्यांचा होतो. तिच्या तेराव्याला मामा साखरखेर्ड्याला गेला आणि येताना मला धोतराच्या जुन्या पानात गुंडाळून घेऊन आला. वडिलांनी अडवलं नाही. त्यांच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी घरातल्या मोठ्यांनी काढलीच होती, आणि तान्ह्या पोराचं ओझं कुणालाच नको होतं. मामाच्या घरी मामी दहा दिवसांची बाळंतीण होती. पहिलं बाळंतपण, मुलगी झालेली. मामानं मला तिच्या दुसऱ्या कुशीला ठेवलं. मामी पुढं सांगायची, ‘एका बाजूले ते, एका बाजूले तू. मले कूस बदलाले जागा नोती.’

मला तेरा दिवस कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजलं होतं, त्यामुळं मी मामीचं दूध घेईना. मामीचं बाळंतपण केलेली दाई रोहिणखेडची होती. वयस्कर, मुसलमान, आजूबाजूच्या पाचपंचवीस गावांतली निम्मी पोरं तिच्याच हातची. तिनं दोन दिवस आमच्याकडं मुक्काम केला आणि चिकाटीनं मला मामीच्या अंगावर प्यायला लावलं. मी जगलो तो त्या दोन बायकांमुळं, हे मला घरात इतक्यांदा सांगितलं गेलं की लहानपणी मला त्याचा कंटाळा यायचा.

मामानं तेराव्याच्या पंगतीत, चारचौघांत, मेलेल्या बहिणीला शब्द दिला होता: याला मी वाढवीन, आणि माझ्या घरची लेक याला देईन. त्यात जगावेगळं काही नव्हतं. आमच्याकडं मामाच्या मुलीवर पहिला हक्क भाच्याचा. मुलीला दुसरीकडं द्यायची तर आधी भाच्याच्या घरी विचारायला जातात, आणि भाचा नाही म्हणाला तर लोक भाच्याला दोष देत नाहीत, मुलीत खोट शोधतात. हे सगळं मला कळत होतं असं नाही. मला एवढंच कळायचं की बाजारात मामाच्या ओळखीचे लोक मला ‘काय बे जावई’ म्हणतात आणि मामा मिशीत हसतो.

मी मामाला अरे-तुरे करायचो. सगळं गाव त्याला अहो-जाहो करायचं, मामीचे भाऊ वयानं मोठे असून करायचे, आणि मी मात्र ‘मामा, तू कवा येशीन’ म्हणायचो. पोरं आईला म्हणतात तसं. कुणी मला रागावलं नाही. माझं ऐकून मामाची मुलगीही तिच्या बापाला मामाच म्हणायला लागली. पाच-सहा वर्षांची होईपर्यंत ती म्हणत होती. मग शेजारणींनी हसून हसून तिला ‘बाबा’ म्हणायला शिकवलं. ती शिकली, पण घाईत असली की चुकायची. मामाला दोन्ही चालायचं.

आम्ही दोघं एका ताटात जेवायचो, एकाच पाटीवर लिहायचो आणि एकमेकांना ओरबाडायचो. तिच्या मनगटावर माझ्या दातांचा व्रण होता. महाराष्ट्र झाला त्या वर्षी मी सातवीत होतो. ती चौथीतून घरी बसली होती आणि माझी पुस्तकं माझ्याआधी वाचून टाकायची. माझी कविता चुकली की चुलीपुढून ओरडून दुरुस्त करायची. मला तिचा राग यायचा आणि तिच्यावाचून करमायचंही नाही.

त्याच सुमारास मामानं शेतात विहीर काढायला घेतली. दगड फोडायला वडारांची दोन कुटुंबं आली होती. आपसात ते तेलुगूच्या वळणाचं काहीतरी बोलायचे, आमच्याशी मोडकंतोडकं मराठी. त्यांच्यात एक नवी सून होती, विशीतली असेल. तिचा नवरा खाली सुरुंगाची भोकं पाडायचा आणि ती वर दोर धरायची. एकदा आम्ही दोघं भाकरी घेऊन गेलो तेव्हा ती खाली वाकून नवऱ्याला हाक मारत होती: ‘मामा, ओ मामा.’ आम्हाला वाटलं, भाची असेल. मामाच्या मुलीनं विचारलंच. ती बाई म्हणाली, मामाच आहे की, माझ्या आईचा धाकटा भाऊ. आणि नवरा पण आहे. आमच्यात मामालाच देतात.

आम्ही दोघं तोंडं वासून बघत राहिलो. मामा मागून आला, त्याला मजा वाटली. तो म्हणाला, ‘त्याहिच्यात मामाच नवरा असते. आपल्यात मामाची पोट्टी बायको असते. वरतं नर्मदेच्या पल्याड गेलं त दोन्हीबी पाप. ज्याच्या त्याच्या मुलखाची रीत हाय.’ मामा शाळेत गेला नव्हता, पण बैलांच्या खरेदीसाठी बऱ्हाणपूरपर्यंत फिरलेला होता. त्याचं म्हणणं बरोबर होतं. मला फक्त एवढं आठवतं की परतताना मामाची मुलगी माझ्याबरोबर बोलली नाही, आणि त्या दिवसानंतर माझ्या ताटात जेवायला बसली नाही. तिला तेव्हा कळलं होतं. मला कळायला आणखी काही वर्षं गेली. मुलगे या बाबतीत मंदच असतात.

मॅट्रिक झालो तेव्हा मामानं घरोघर पेढे वाटले. दाई आता पार थकली होती, तरी रोहिणखेडहून कुणाच्या तरी बैलगाडीत बसून आली. ओसरीवर बसून तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. मामा खुशीत होता. म्हणाला, ‘आता याले अमरावतीले घालतो. चार वर्सात बीए होऊन येते, मंग बार उडवून देऊ दोघायचा.’

दाई पेढा तोंडात ठेवता ठेवता थांबली. ‘किन दोनों का?’ तिनं विचारलं. मामानं सांगितलं. ती म्हणाली, ‘हमारे में तो ये नहीं होता. एक दूध के हैं दोनों. मैंने अपने हाथ से लगाया था.’

‘तुमच्यात नसन होत,’ मामा म्हणाला. ‘आमच्यात होते.’

‘होता होगा,’ दाई म्हणाली, आणि तिनं पेढा खाल्ला. ती भांडणारी बाई नव्हती. पण तिला गाडीत बसवताना मामानं नेहमीसारखी थट्टा केली नाही. आत मामी पाट-पाणी करत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मामाच्या मुलीनंही दारामागून ऐकलं ते मला नंतर कळलं.

अमरावतीहून मी दर पंधरा दिवसांनी मामाला कार्ड टाकायचो. वर लिहायचो, ‘तीर्थरूप मामांस’. वसतिगृहातल्या माझ्या खोलीतला एक पुण्याकडून आलेला मुलगा ते वाचून हसला. तीर्थरूप फक्त आईवडिलांना लिहितात, मामाला तीर्थस्वरूप, एवढंही कळत नाही का, असं म्हणाला. माझ्या ‘मले-तुले’वरही तो हसायचाच. मी त्याला सांगितलं की कोण कुणाचं काय लागतं हे मला माहीत आहे, तू तुझं बघ. आणि तीर्थरूपच लिहीत राहिलो.

दुसऱ्या वर्षाच्या नाताळच्या सुट्टीत मी घरी आलो. कापसाची वेचणी चालू होती. मामाची मुलगी एकोणीस वर्षांची झाली होती. तिच्या बरोबरीच्या मुलींच्या कडेवर पोरं होती, आणि ती माझ्या बीएची वाट बघत घरात होती. म्हणजे मामा वाट बघत होता. एका दुपारी वेचणाऱ्या बाया पुढच्या ओळींत गेल्या तेव्हा ती ओटीतला कापूस न सोडता माझ्यापाशी आली.

‘तू माहा भाऊ होय का नोय?’ तिनं विचारलं.

मी म्हणालो, ‘हाव.’

‘मंग नाही म्हन बाबाले.’

मी म्हणालो, तूच का नाही म्हणत. ती माझ्याकडं बघत राहिली. एवढी पुस्तकं वाचून हा असा कसा, असं तिला वाटलं असणार. मग तिनं मला समजावून सांगितलं. ‘मी म्हटलं त म्हनतीन, पोट्टीच्या मनात दुसरं कोनी हाय. मंग पंधरा दिवसांत भेटन त्याच्या गळ्यात बांधतीन. तू म्हटलं त बाबा तुह्यावर रागावन. तुह्यावर किती दिवस रागावन थो? अन माह्यं नाव घेजो नोको. कोनापाशीच.’

मी शपथ घेतली. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याची लाजही वाटली. हे लग्न मलाही नको होतं. तिच्याकडं बघून मला कधी बहिणीशिवाय दुसरं काही वाटलंच नव्हतं. पण ती बोलली नसती तर मी गप्प बसून बोहल्यावर चढलो असतो. मामाला दुखवायचं धैर्य माझ्यात नव्हतं. मला दुसरं माणूस नव्हतं, आणि ते एक गेलं तर माझं काय उरतं याचा विचार करायलाही मी घाबरत होतो.

दोन दिवसांनी खळ्यावर ज्वारीची मळणी होती. मधल्या खांबाभोवती बैल गोल फिरत होते, मामा त्यांच्या मागं चालत होता, आणि मी कडेची कणसं आत लोटत होतो. आम्ही दोघंच होतो.

मी म्हणालो, ‘मामा, मले ते लग्न नाही करता येत.’

‘कोनतं?’ त्यानं विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं. ज्या गोष्टीचा कधी प्रश्नच झाला नव्हता, तिला नाही म्हणता येतं हेच त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. एवढ्या वर्षांत त्यानं आम्हा दोघांपैकी एकालाही विचारलं नव्हतं. त्यात त्याचं काही चुकलं असं गावात कुणीच म्हटलं नसतं.

‘घरातलं,’ मी म्हणालो.

बैलांचे दोन फेरे झाले. मग तो म्हणाला, ‘काऊन? अमरावतीत पाह्यली का कोनी?’

‘नाही.’

‘पोट्टीत काही खोट हाय?’

‘नाही. मामा, ते माही बहीन हाय.’

‘मामाची लेक बहीन नसते,’ तो म्हणाला. लहान मुलाला बेरीज समजावतात तसं म्हणाला.

मी म्हणालो, आम्ही दोघं मामीच्या दुधावर वाढलो. तेव्हा तो थांबला. बैलही थांबले. ‘दूध तुले भूक लागली म्हून पाजलं,’ तो म्हणाला. ‘नातं जोडाले नाही पाजलं. ते बुढी बोलून गेली अन तू धरून बसला.’ मग आवाज न चढवता त्यानं एकेक सांगितलं. मेलेल्या बहिणीला चारचौघांत दिलेला शब्द. आलेली स्थळं परत लावलेली, चार वर्षं. ‘एकोनीस वर्साची पोट्टी. उद्या लोक म्हनतीन, घरातल्या घरात वाढलेल्या भाच्यानं टाकली, म्हंजे काही त असन. तिले कोन करीन?’

याचं उत्तर माझ्या जिभेवर होतं. तिलाच विचार, एवढं म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. मामा माझ्या तोंडाकडं बघत उभा होता, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा त्याची नजर टाळावी लागली.

‘आजपासून मले मामा म्हनू नोको,’ तो म्हणाला आणि बैल हाकायला लागला.

त्यानं मला घरातून काढलं नाही. मामीनं जेवायला वाढलं. सुट्टी संपेपर्यंत मी तिथंच राहिलो, मामाबरोबर शेतात गेलो, त्यानं सांगितलेलं काम केलं. तो कामापुरतं बोलायचा. पण त्याला हाक मारायची वेळ आली की माझी पंचाईत व्हायची. शेताच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाला बोलवायचं तर काय म्हणून बोलवायचं? मी चालत जवळ जायचो आणि समोर उभा राहायचो. हाकेचा उपयोग मला तेव्हा कळला.

अमरावतीला परतल्यावर ज्वारीच्या पिठाची थैली पूर्वीसारखीच दर महिन्याला एसटीच्या टपावरून येत राहिली. फक्त तिच्यात चिठ्ठी नसायची. मी कार्ड लिहायला बसायचो. तीर्थरूप लिहून झालं की पुढचा शब्द लिहायला मला परवानगी नव्हती. अशी चार-पाच कार्डं मी फाडली. शेवटी मामीच्या नावानं लिहायला लागलो. मामीला वाचता येत नव्हतं. ती कार्डं घरात एकच जण वाचून दाखवणार, हे मला ठाऊक होतं, आणि ऐकणाऱ्यांत मामाही असेल अशी आशा होती.

त्याच वर्षी आम्हाला भाषेचा पेपर शिकवायला एक म्हातारे प्राध्यापक होते. धोतर, काळा कोट, दम्याचा खोकला. वर्गात निम्मी मुलं पेंगायची. एके दिवशी त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘मामा’. मुलं हसली. मी हसलो नाही.

ते म्हणाले, एकमेकांशी काही नातं नसलेल्या भाषांतसुद्धा हा शब्द सापडतो, आणि जागोजाग तो वेगळ्या माणसाचा होतो. आपल्याकडं आईचा भाऊ. तेलुगूत आईचा भाऊ, आणि सासराही. युरोपात बहुतेक ठिकाणी आई, आणि चीनमध्येही आई, जरी चिनी भाषेचा तिकडच्या भाषांशी काही संबंध नाही. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आई. लॅटिनमध्ये आईचा स्तन. जपानी बाळं जवळजवळ याच आवाजात खाऊ मागतात, आपली मंमं मागतात तसा. फारसीत मामा म्हणजे सुईण. उर्दूत घरकाम करणारी, पोरं सांभाळणारी बाई. आणि काळ्या समुद्रापलीकडं जॉर्जिया म्हणून मुलूख आहे, तिथं मामा म्हणजे बाप. आईला ते देदा म्हणतात.

फारसीतली सुईण ऐकली आणि मला रोहिणखेडची दाई आठवली. मग मी एकेक शब्द वहीत उतरवत गेलो. आई, बाप, दूध, सुईण, सांभाळणारी, सासरा. जगातल्या सगळ्या मुलखांनी मिळून जे वाटून घेतलं होतं त्यातलं बहुतेक सगळं मला एका घरात, बहुतेक एका माणसाकडून मिळालं होतं. आणि त्यातला फक्त एक अर्थ मी नाकारला, तर सगळा शब्दच माझ्याकडून काढून घेतला गेला होता.

एका मुलानं विचारलं, सर, मग हा शब्द मुळात कुठून निघाला? प्राध्यापक म्हणाले, आपला मामा संस्कृतातून आला असं काही पंडित म्हणतात, दक्षिणेतून आला असं काही म्हणतात, ती भांडणं चालू राहोत. पण एवढ्या दूरदूरच्या भाषांत तो एकमेकींकडून गेलेला नाही. तो सगळीकडं आपापला जन्मतो. बाळाला पहिल्यांदा जमतं ते ओठ मिटणं आणि उघडणं. तेवढ्यानं हा आवाज होतो. बाळ कुणालाच हाक मारत नसतं. जवळ असलेल्या मोठ्या माणसाला वाटतं की आपल्यालाच हाक मारली, आणि तो ओ देतो. मग शब्द त्याचा होतो.

तास संपल्यावर मी त्यांच्या मागोमाग गेलो. व्हरांड्यात गाठून विचारलं, सर, ओ देणाऱ्यानं ओ देणं बंद केलं तर? त्यांनी खोकता खोकता माझ्याकडं बघितलं. प्रश्न भाषेचा नाही हे त्यांना कळलं असावं. ते म्हणाले, ‘पुस्तकात त्याचं काही दिलेलं नाही बाळ.’ मला त्यांचा फार राग आला होता. आता वाटतं, एवढं प्रामाणिक उत्तर मला कॉलेजात दुसऱ्या कुणी दिलं नाही.

मामानं स्थळं बघायला सुरुवात केली होती. मामा म्हणाला होता तसंच झालं. तीन स्थळं मुलगी पाहून गेली आणि तिन्ही परत फिरली. घरचा भाचा असताना बाहेर का देता, या प्रश्नाशी सगळे अडायचे. मामा खोटं बोलत नसे. तो म्हणायचा, भाचा नाही म्हणतो. पुढं बोलणं होत नसे. हे मला मोताळ्याहून आलेल्या एका विद्यार्थ्याकडून कळायचं, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं की उठावं, एसटी धरावी आणि मामाला खरं सांगून टाकावं. पण शपथ होती. शिवाय सांगून तिचंच वाईट झालं असतं. मी काहीच केलं नाही. त्या दीड वर्षात मी पहिला वर्ग मिळवला, आणि त्याचं मला काडीचंही कौतुक वाटलं नाही.

चौथं स्थळ जमलं. मुलगा शिक्षक होता. त्यानं म्हणे फक्त एवढंच विचारलं की मुलीला वाचायची आवड आहे का. लग्नाची पत्रिका मला मामीच्या नावानं आली, पत्ता मामाच्या मुलीच्या अक्षरात. मामाचं वेगळं बोलावणं नव्हतं. मी गेलो. गेलो नसतो तर तिच्या लग्नात लोकांना चघळायला आणखी एक गोष्ट मिळाली असती.

लग्न दारच्या मांडवातच होतं, दुपारचं. मी वाढप्यांत मिसळलो आणि पाण्याची बादली हातात घेतली. हातात काम असलं की माणसाला कुठं उभं राहायचं हा प्रश्न पडत नाही. भावकीतल्या दोन बायका माझ्याकडं बघून एकमेकींच्या कानाला लागल्या. मामा मांडवभर फिरत होता. माझ्यावरून त्याची नजर दोनदा गेली आणि पुढं सरकली. नवरीचा मामा, म्हणजे मामीचा भाऊ, तिला हात धरून घेऊन आला. अंतरपाट धरला, अक्षता पडल्या. मी तिथूनच टाकल्या.

मग होमाला बसले. त्यात एक विधी असतो. नवरीच्या ओंजळीत तिचा भाऊ लाह्या घालतो आणि ती त्या होमात सोडते. भटजींनी विचारलं, ‘मुलीचा भाऊ कुठं आहे?’ मामाला दुसरं मूल नव्हतं, त्यामुळं त्याच्या चुलतभावाच्या मुलाला आधीच सांगून ठेवलं होतं. तो नवा सदरा घालून पुढं झाला. मामा स्वतः लाह्यांचं सूप धरून बाजूला उभा राहिला.

नवरीनं हात पुढं केले, पण ओंजळ केली नाही. दोन्ही मुठी मिटलेल्या होत्या. भटजी म्हणाले, ‘ओंजळ करा.’ तिनं केली नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. मामीनं खाली वाकून तिच्या कानात काही सांगितलं. मुठी उघडल्या नाहीत. नवरामुलगा गोंधळून तिच्याकडं बघत होता, पण रागावलेला नव्हता. मांडवातला गलका हळूहळू कमी झाला. भावकीतला तो मुलगा मूठभर लाह्या घेऊन ओशाळा उभा होता.

मामा तिच्याकडं बघत होता. तिनं मान वर केली आणि बापाकडं सरळ पाहिलं. दीड वर्षापूर्वी तिनं जे माझ्या तोंडून बोलून घेतलं होतं ते तिनं त्या दिवशी सगळ्या मांडवासमोर, मुठी मिटून, स्वतः सांगितलं. मी बादली खाली ठेवली. मामाच्या चेहऱ्यावर मला दिसलं की त्याला कळलं. खळ्यावर नाही म्हणणारा मी एकटा नव्हतो हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि मी दीड वर्ष काय गिळून बसलो होतो तेही.

तो माणसांतून वाट काढत माझ्यापर्यंत आला. सूप त्याच्या हातातच होतं. त्याचे डोळे भरले होते आणि ते लपवायला त्याला हात मोकळा नव्हता.

‘चाल,’ तो म्हणाला.

त्यानं मला होमापाशी नेलं. भटजींनी विचारलं, हे कोण. मामा मोठ्यानं म्हणाला, ‘तिचा भाऊ होय.’ मांडवातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणाला.

तिनं मुठी उघडल्या आणि ओंजळ केली. पहिल्या मुठीतल्या निम्म्या लाह्या मी बाहेरच सांडल्या. दुसऱ्यांदा जमलं. तिसऱ्यांदा घ्यायला गेलो तर सूप माझ्या हाताला लागेना, डोळ्यांपुढं सगळं पुसट झालं होतं.

‘मामा, लाह्या दे,’ मी म्हणालो. तोंडातून निघून गेल्यावर मला कळलं की मी काय म्हटलं, आणि मी तसाच हात पुढं करून थांबलो.

त्यानं सूप माझ्या हाताखाली आणलं. ‘घे नं,’ तो म्हणाला. ‘तुह्याचसाठी थांबली हाय ते.’